चिकटवायचं कसं, सोडवायचं कसं?

मुलांनो, तुमच्या घरात चिकटवण्यासाठी काय काय आहे, ते एकदा मोजून बघा बरं! दप्तरात डिंकाची बाटली, नाहीतर ती फिरवली की वर येणारी गोंदाची कांडी. फळीवर फेविकॉलचा डबा. आजीला विचारलंत तर ती म्हणेल, "आमच्या वेळी मैद्याची खळ शिजवायचो." म्हातारे सुतारकाका सरसाचं नाव काढतील. आणि यातलं काहीच नसलं, तर शेवटी भाताचं शीत आहेच!

चिकटवायला आपल्या सगळ्यांनाच आवडतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. कार्यानुभवाच्या तासाला फळ्यावर 'आज चिकटकाम' एवढं नुसतं लिहिलं, तरी मागच्या बाकावरची मुलं पुढे येऊन बसतात. पण चिकटलेलं सोडवायचं कसं, हे कुणीच विचारत नाही. तो प्रश्न पडतो नको ते चिकटल्यावर! कधी गणवेशाला, कधी जेवणाच्या टेबलाला, कधी ताईच्या वहीला. आमच्या वर्गाला तो गेल्या वर्षी पडला आणि तो सुटेपर्यंत अख्खा आठवडा कुणाला दुसरं काही सुचलं नाही. ती हकीकत सांगणार आहेच, पण ज्या कलेमुळे ती घडली, ती आधी समजून घेऊ.

कापा आणि चिकटवा

या कलेचं नाव आहे देकुपाज. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ अगदी साधा: कापून काढणं. छापील चित्रं कापायची, ती डब्यावर, बाटलीवर, लाकडी ट्रेवर चिकटवायची आणि वरून पारदर्शक थर द्यायचे. एक थर, दोन थर, पाच थर... चित्राची कडा बोटाला लागेनाशी झाली पाहिजे. मग बघणाऱ्याला वाटतं, चित्र डब्यावरच रंगवलंय!

अठराव्या शतकात इटलीतल्या व्हेनिस शहरात ही कला फार रंगली. चीन-जपानकडून येणाऱ्या चकचकीत लाखकामाच्या वस्तू तेव्हा अतिशय महाग असत. तिथल्या कारागिरांनी युक्ती काढली. छापील चित्रं कापून कपाटांवर चिकटवली आणि त्यावर वॉर्निशचे थरावर थर चढवले. लोक त्याला 'गरिबांची लाख' म्हणू लागले.

कात्री-कागदाच्या कामाला वयाचं बंधन नाही बरं का! इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी नावाच्या बाई होत्या. त्यांचा जन्म १७०० सालचा. वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी रंगीत कागदाचे बारीक बारीक तुकडे कापून काळ्या कागदावर फुलं चिकटवायला सुरुवात केली. पाकळी, देठ, पानावरची शीर, सगळं कागदाचं. नजर अधू होऊन काम थांबेपर्यंत त्यांनी जवळजवळ हजार चित्रं केली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ती आजही जपून ठेवलेली आहेत.

आता आपली पद्धत. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या. साबणाने धुऊन कोरडा करा. तेलाचा हात जरी लागलेला असला तरी गोंद धरत नाही. मग बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. गुळगुळीत पत्र्याला थोडा खरखरीतपणा आला, की गोंदाला पकड मिळते. तीन भाग पांढरा गोंद आणि एक भाग पाणी वाटीत कालवा. डब्याला ब्रशने पातळ हात द्या, चित्राच्या पाठीलाही द्या. चित्र ठेवा आणि मधून कडेकडे बोट फिरवत हवा बाहेर काढा. कडेकडून मध्ये फिरवलंत, तर फुगा मधेच अडकून बसतो! अर्धा तास वाळू द्या आणि मग वरून पातळ थर द्या. पावसाळ्यात अर्ध्या तासाचा एक तास धरा. खालचा थर ओला असताना दुसरा दिलात, तर कागद सुरकुततो.

आणखी एक. वर्तमानपत्रातलं चित्र घेतलंत, तर ओलं झाल्यावर मागच्या बाजूची अक्षरं पुढे दिसायला लागतात. छान चित्राच्या कपाळावर 'भाडेकरू पाहिजे' उमटलेलं आमच्या वर्गाने पाहिलं आहे!

पांढरं पारदर्शक होतं कसं?

पांढरा गोंद दुधासारखा का दिसतो, माहीत आहे? दुधात जसे स्निग्ध पदार्थाचे अतिबारीक कण पाण्यात विखुरलेले असतात, तसे यात पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट नावाच्या पदार्थाचे कण असतात. हा पदार्थ फ्रिट्झ क्लाट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये शोधला. आपल्याकडचा फेविकॉल १९५९ पासूनचा. देकुपाजसाठी म्हणून 'मॉड पॉज' नावाचा गोंद अमेरिकेत १९६७ मध्ये निघाला. चिकटवायलाही तोच आणि वरून थर द्यायलाही तोच. हल्ली तो आपल्याकडेही मिळतो, पण डब्यासाठी वाटीतलं आपलं मिश्रण पुरतं.

गोंदातलं पाणी उडून गेलं, की हे कण एकमेकांना बिलगतात आणि त्यांचा सलग पापुद्रा तयार होतो. तो पारदर्शक असतो. आता खरी गंमत ऐका. वाळलेल्या पापुद्र्यावर पुन्हा पाणी घातलं, तर त्याचं परत दूध होत नाही. पण तो पांढुरका पडतो आणि मऊ होतो. सोडवण्याची सगळी किल्ली या मऊपणात आहे.

डिंकाचं आणि खळीचं तसं नाही. ती दोन्ही पाण्याला चांगलीच दाद देतात. तुमच्यापैकी जे पोस्टाची तिकिटं जमवतात, त्यांना हे ठाऊक असेल. डिंकाच्या तिकिटाचा पाकिटासकट तुकडा वाटीभर पाण्यात टाकायचा. थोड्या वेळाने तिकीट आपोआप सुटतं. जुनी पुस्तकं आणि हस्तलिखितं दुरुस्त करणारे जाणकार अजूनही गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात, ती याच गुणासाठी. आज लावलेली पट्टी पन्नास वर्षांनी काढावी लागली, तर मूळ पानाला धक्का न लावता काढता आली पाहिजे, असा त्यांचा दंडक असतो.

पाठीमागचं नाव

आता ती हकीकत. डबे सजवून आणायला मुलांना शनिवार-रविवार दिला होता. सोमवारी डब्यांची रांग लागली. फुलांचे, क्रिकेटपटूंचे, मोटारींचे डबे. त्यात एका मुलीचा डबा वेगळाच. मधोमध एक जुनं पोस्टकार्ड, भोवती पानंफुलं. कार्डावर निळ्या शाईतलं वळणदार अक्षर. ती म्हणाली, "बाई, माझ्या आजोबांचं आहे. ते मुंबईला गिरणीत होते." सगळ्यांनी डबा हातोहात फिरवला.

मंगळवारी मधल्या सुट्टीत तिची आजी शाळेत आली. दाराशीच उभी राहिली. मी म्हटलं, "या ना आजी, बसा." तिने बसायच्या आधीच विचारलं,

"बाई, त्ये कार्ड डब्यावरनं सोडवून मिळंल का वो?"

मी विचारलं, "का हो आजी? मजकूर तर वरच्या बाजूला नीट दिसतोय."

"मजकूर ऱ्हाऊ द्या," आजी म्हणाली. "मागल्या अंगाला माझं नाव हाय."

मग हळूहळू सगळं कळलं. आजोबा मुंबईहून पत्र पाठवायचे, ते नेहमी त्यांच्या वडिलांच्या नावाने. घरात वडीलधारी असताना बायकोच्या नावाने पत्र धाडायची तेव्हा रीत नव्हती. एकच कार्ड आजीच्या स्वतःच्या नावाने आलं होतं. पोस्टमनने अंगणात उभं राहून तिचं पूर्ण नाव पुकारलं होतं. ही गोष्ट १९८२ च्या गिरणी संपाच्या आधीची. आजोबा आता नाहीत. आजीला वाचता येत नाही, पण आपलं नाव तेवढं ओळखता येतं. ते तिने त्या कार्डावरूनच गिरवून शिकलं होतं.

नात कोपऱ्यात उभी राहून रडत होती. आजीने तिला जवळ ओढलं. "पोरीनं वाईट मनानं न्हाई लावलं. आजाचं अक्षर समद्यांना दिसावं म्हणून लावलं."

वर्गात ही गोष्ट कळल्यावर उपायांचा पाऊस पडला! "बाई, डबा पाण्यात बुडवू." "बाई, गरम इस्त्री फिरवू." "बाई, ब्लेडने खरवडू." एकाचा दादा औषधांच्या दुकानात कामाला आहे. तो ठासून म्हणाला, "स्पिरिट लावा बाई, स्पिरिटने सगळं निघतं!"

स्पिरिटने पांढरा गोंद मऊ होतो, हे खरं. पण शाईचं काय? म्हणून आम्ही मूळ कार्डाला हातसुद्धा लावायचा नाही, असं ठरवलं. आधी परीक्षा नकली कार्डाची. कोऱ्या पोस्टकार्डाचे तुकडे केले. काहींवर बॉलपेनने लिहिलं, काहींवर शाईच्या पेनाने. तसाच गोंद घेऊन ते दुसऱ्या डब्यावर चिकटवले, वरून दोन थर दिले. दोन दिवस वाळू दिले. त्याहून थांबणं परवडणारं नव्हतं, कारण पांढरा गोंद वाळला तरी पुढे कित्येक दिवस तो आणखी घट्ट होत जातो.

गुरुवारी निकाल लागला. स्पिरिटचा बोळा बॉलपेनच्या अक्षरांवर ठेवला आणि मिनिटाभरात निळा-जांभळा ओघळ! सगळी अक्षरं पसरली. स्पिरिटवाला अगदी गप्प झाला. कोमट पाण्याचं फडकं ठेवलं, तिथे बॉलपेनची अक्षरं जशीच्या तशी राहिली. शाईच्या पेनाची मात्र फिकी होऊन वाहून गेली. असं का? बॉलपेनची शाई तेलकट जातीची. ती पाण्याला भीत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते. शाईच्या पेनाची बहुतेक शाई पाण्यातच कालवलेली, म्हणून ती पाण्याने जाते.

म्हणजे आता एकच बघायचं होतं: आजोबांनी लिहिलं कशाने? भिंगातून पाहिलं. अक्षरांच्या रेघा एकसारख्या जाडीच्या होत्या आणि टोकाच्या दाबाने कागदात बारीक खाचा पडल्या होत्या. बॉलपेन! पण ही झाली वरची बाजू. खालची बाजूही त्याच पेनाने लिहिली असेल, हे मात्र धरूनच चालावं लागणार होतं.

शुक्रवारी आजीला बोलावून सगळं सांगितलं. कार्ड फाटू शकतं, नाव पुसलं जाऊ शकतं. आहे तसं ठेवलं, तर निदान वरचा मजकूर शाबूत राहील. "तुम्ही सांगाल तसं करू." आजी बराच वेळ डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काढा."

कोमट पाण्यात पांढरं सुती फडकं भिजवून, पिळून कार्डावर ठेवलं. पंधरा मिनिटांनी उचललं, तर वरचा गोंद साईसारखा पांढरा झाला होता. बोटाने हलकेच चोळल्यावर त्याच्या वळकट्या होऊन निघू लागल्या. पुन्हा फडकं, पुन्हा पंधरा मिनिटं. असं चार वेळा केलं. वरचा थर गेल्यावर पाणी कार्डातून खाली मुरलं आणि एक कोपरा किंचित उचलला गेला. ओढायचं मात्र नाही! ओलं कार्ड ओल्या पोळीसारखं असतं. ओढलं की पापुद्रे सुटतात. शिवणाचा जाड दोरा दोन्ही हातांत ताणून धरला आणि कार्डाच्या खालून करवतीसारखा हळूहळू सरकवत नेला. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तासाभराने कार्ड सुटलं. उजवीकडचा खालचा कोपरा तेवढा पत्र्यालाच राहिला.

कार्ड स्वच्छ कापडावर उलटं ठेवलं. निळ्या शाईत आजीचं नाव होतं. थोडं पुसट, पण पूर्ण.

राहिलेल्या कोपऱ्यात पिनकोडचे तीन आकडे गेले होते. नातीला पुन्हा रडू फुटणार, तेवढ्यात आजीनेच विचारलं, काय गेलं म्हणून. मुलांनी पिनकोड म्हणजे काय ते समजावलं. १९७२ पासून सुरू झालेला, पत्र कुठल्या गावी जायचं ते सांगणारा आकडा. आजी हसली. "ऱ्हाऊ द्या त्यो तिथंच. आता कुठं जायाचं हाय त्या कार्डाला? पोचलंय की!"

कार्ड कोऱ्या कागदांच्या घडीत घालून, वर जड पुस्तकं ठेवून दोन दिवस वाळवलं. मधे दोनदा कागद बदलले. घडीला वर्तमानपत्र वापरलं नाही, कारण त्याची शाई ओल्या कार्डाला लागते.

कुठून काय, कसं काढाल?

आता तुमच्या रोजच्या उपयोगाचं. पहिला नियम: गोंद ओला असतानाच पुसा. त्या वेळी ओलं फडकं पुरतं, वाळल्यावर तासभर मोडतो.

*हातावर* वाळलेला पांढरा गोंद कोमट पाणी आणि साबणाने निघतो. *कपड्यावरचा* आधी पट्टीच्या कडेने जमेल तेवढा खरवडा, मग साबणाच्या कोमट पाण्यात भिजत घाला आणि जुन्या टूथब्रशने घासा. डाग पूर्ण जाईपर्यंत कडक इस्त्री करू नका. *काच, स्टील आणि फरशीवर* ओलं फडकं अर्धा तास ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. लोखंडी पट्टी वापरलीत तर चरे पडतील. *पत्र्याचा डबा* काम झाल्यावर लगेच कोरडा करा, नाहीतर गंज चढतो.

*लाकडाला* पाणी बेताने. पिळून काढलेलं फडकं थोडा वेळ ठेवा, खरवडा, वाळू द्या, पुन्हा करा. प्लायवूड भिजत राहिलं तर त्याचे थर फुगून सुटतात. *प्लॅस्टिकला* थिनर किंवा नेलपॉलिश काढायचं द्रव लावू नका. गोंदाबरोबर प्लॅस्टिकही वितळू शकतं. वरून *वॉर्निश* मारलेलं असेल, तर पाणी आत शिरतच नाही. आधी पॉलिश पेपरने वरचा थर घासावा लागतो.

स्पिरिट चटकन पेट घेतं, म्हणून ते मोठ्या माणसांनीच, खिडकी उघडी ठेवून आणि शेगडीपासून लांब वापरायचं. आणि काहीही करण्याआधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून बघायचं. आमच्या गुरुवारच्या परीक्षेसारखं!

मूळ राहू द्या, नक्कल लावा

पालकांनाही एक सांगावंसं वाटतं. मुलं जुने फोटो, पत्रं, लग्नपत्रिका चिकटवायला मागतात, तेव्हा एकदम 'नाही' म्हणू नका. वस्तू उलटी करून मागे काय आहे ते दोघांनी मिळून बघा. फोटोच्या पाठीवर तारीख असते, पत्राच्या पाठीवर पत्ता असतो. घरातल्या ज्या माणसाची ती वस्तू आहे, त्याला विचारा. आणि मग झेरॉक्स काढून आणा. झेरॉक्सची काळी पूड कागदावर उष्णतेने वितळवून बसवलेली असते, त्यामुळे ती गोंदाच्या पाण्याने पसरत नाही. शाईच्या प्रिंटरवर काढलेली प्रत मात्र बहुधा ओघळते. तिचा छोटा तुकडा आधी ओला करून बघा.

त्या मुलीच्या डब्यावर आता झेरॉक्स आहे. एक नाही, दोन! झाकणावर मजकुराची बाजू आणि पुढे, सगळ्यांना दिसेल अशी, पत्त्याची बाजू. मूळ कार्ड आजीच्या ट्रंकेत, कोऱ्या कागदाच्या पाकिटात. ते पाकीट मुलांनी आजीलाच करून दिलं. चिकटवलं कशाने, ओळखा पाहू? मैद्याच्या खळीने! शिजवायला आजीच चुलीपाशी बसली होती.

तर मुलांनो, या सुट्टीत एक डबा नक्की सजवा. पण कात्री उचलण्याआधी कागद तेवढा एकदा उलटून पाहा.